हाताचं सुतक

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या काही तारखा मला पाठ आहेत. ३१ मे २०१६. पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात मध्यरात्रीनंतर आग लागली, रणगाडाविरोधी सुरुंगांचा साठा फुटला, आणि आग विझवायला धावलेले भांडाराच्या अग्निशमन दलातले लोक आणि दोन लष्करी अधिकारी त्यात गेले. आगरगाव, नागझरी, पिपरीची माणसं लेकरं काखोटीला मारून अंधारात रस्त्याला लागली होती. २० नोव्हेंबर २०१८. त्याच पुलगावजवळ, सोनेगाव आबाजीच्या शिवारात, जुना दारूगोळा निकामी करायच्या मैदानावर सकाळच्या पहिल्या पाळीतच स्फोट झाला. सहा माणसं गेली. त्यातली बहुतेक आसपासच्या गावांतली रोजमजूर होती. खड्डे खणायचे, पेट्या उतरवायच्या, रेतीच्या गोण्या रचायच्या, हे त्यांचं काम. ३ फेब्रुवारी २०२१. भूगावच्या पोलाद कारखान्यात भट्टीच्या देखभालीचं काम चालू असताना गरम हवेचा आणि जळत्या कणांचा लोट अंगावर आला, ३८ कामगार जखमी झाले.

गेलेल्यांची नावं छापून आली. फोटो आले, मंत्री आले, मदतीचे आकडे आले. जखमींसाठी बातमीत शेवटची एक ओळ असते : त्यांना सावंगीला, सेवाग्रामला किंवा नागपूरला हलवलं. तिथून पुढे त्यांची बातमी होत नाही. दवाखान्याच्या दारात वाचणाऱ्यानं त्यांचा हात सोडलेला असतो. मला मात्र त्या दारातून बाहेर आल्यावर काय होतं ते ठाऊक आहे, कारण आमच्या घरात ते रोज होतं.

माझ्या मोठ्या भावाचा उजवा हात थ्रेशरमध्ये गेला. सोयाबीनची सोंगणी आटोपली होती, गंजी लागलेली होती, आभाळ भरून आलं होतं आणि सगळ्या गावाची घाई एकाच दिवशी होती. दादा पेंढ्या लोटत होता. शर्टाची बाही आधी ओढली गेली. ट्रॅक्टर बंद करेपर्यंत जेवढा वेळ लागला तेवढ्यात कोपराखालचं सगळं संपलं होतं. दुपट्ट्यात गुंडाळून जे सोबत नेलं होतं ते जोडण्यासारखं उरलं नव्हतं, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. त्यांनी दादाचा जीव वाचवला, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

दादाला घरी आणल्यावर बायामाणसं भेटायला येऊ लागली. प्रत्येकीच्या तोंडी एकच वाक्य : जिवावरचं हातावर निभावलं. चहा झाला की पुन्हा तेच, उठताना पुन्हा तेच. दादा मान हलवायचा. त्याला मान हलवावीच लागायची, कारण वाचलेल्या माणसानं आभारी असायचं असतं. घरापुढच्या मांडवात, लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, हात गेला म्हणून मोठ्यानं रडायची परवानगी कुणालाही नव्हती. सर्वांत कमी दादाला.

माणूस गेला की आपल्याकडे सगळं ठरलेलं आहे. सुतक धरतात, चूल बंद ठेवतात, शेजारची पिठलंभाकर येते. दहावा होतो, तेरावा होतो, गोडजेवण होतं, कपाळाला कुंकू लावून दुःखाला पुढच्या वाटेला लावतात. शहाण्या लोकांनी बसवलेली घडी आहे ती, मी तिला नावं ठेवणार नाही. पण ज्याचा हात गेला, ज्याच्या कानात स्फोटानंतर कायमची शिट्टी राहिली, ज्याची झोप गेली, त्याच्या त्या गेलेल्या भागाला दहावा नाही. घास ठेवावा तर जित्या माणसाच्या नावानं घास ठेवणं म्हणजे अभद्र. म्हणून काहीच करत नाहीत. जे करता येत नाही ते माणूस अंगावर वागवतो.

आईनं एकदाच विचारलं होतं. रात्री, भांडी घासता घासता. "मंग तो हात कुठी ठेवला बाप्पा त्यायनं?" मी नियम वाचून ठेवले होते. रुग्णालयात कापलेला अवयव पिवळ्या पिशवीत जातो आणि भट्टीत जाळला जातो. आरोग्याच्या दृष्टीनं तेच बरोबर आहे. मी आईला एवढंच सांगितलं की जाळला. आई म्हणाली, "जायला न? मंग ठीक हाय." आणि तिनं राखेनं तीच कढई पुन्हा घासायला घेतली. तिनं ज्या हाताला पहिल्यांदा तीट लावली, ज्याच्या मुठीतून पाटीवरची पेन्सिल सुटू नये म्हणून आपली मूठ वरून धरली, त्या हाताला अग्नी मिळाला एवढं समाधान तिनं स्वतःपुरतं करून घेतलं. त्या क्षणी तिच्याजवळ बसून आपणही रडायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

कायद्यानं मात्र प्रत्येक बोट मोजलं आहे. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होतं. अवयव गेल्यानं कमावण्याची ताकद किती गेली त्याचा तक्ता. अंगठा, ३० टक्के. पूर्ण तर्जनी १४. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. दोन्ही हात, १००. ज्यांनी हा तक्ता केला त्यांनी मजुराच्या बाजूनं विचार केला होता, भरपाईचा वाद मालकाच्या दयेवर राहू नये म्हणून. तो नसता तर सोनेगावच्या किंवा भूगावच्या माणसाला भांडायला जागाच नव्हती. दादा कुणाचा कामगार नव्हता, स्वतःच्या वावरात राबत होता, म्हणून त्याच्यासाठी गोपीनाथ मुंडेंच्या नावाची शेतकरी अपघात योजना : एक अवयव गेला तर एक लाख, दोन गेले तर दोन.

तो तक्ता मी पुष्कळदा वाचते, आणि दर वेळी पऱ्हाटीजवळ जाऊन थांबते. कापूस वेचणारीला विचारा करंगळी म्हणजे सातच टक्के का. बोंड उमललं की पाकळ्यांची टोकं वाळून सुईसारखी होतात. डाव्या हातानं फांदी सावरायची, उजव्या हाताच्या तीन बोटांनी सरकीसकट कापूस एका झटक्यात ओढायचा, पाला येऊ द्यायचा नाही, करंगळीनं बोंडाचा देठ मागे लोटायचा. हे कुणी शिकवत नाही, आईच्या मागं तासातून फिरता फिरता येतं. दादाला ते सगळ्या गावात चांगलं यायचं. बायकांच्या बरोबरीनं वेचायचा, त्याला त्याची लाज नव्हती. ते कसब कोणत्या रकान्यात लिहायचं?

गेलेला हात गेलेला नसतो, हे आम्हाला दादानं दाखवलं. एका रात्री तो उठून बसला आणि म्हणाला, मधल्या बोटात गोळा आला. वहिनीनं सवयीनं हात पुढे केला आणि तिथं धरायला काही नव्हतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल नावाच्या डॉक्टरनं १८७१ साली या दुखण्याला नाव दिलं. ज्याला आपण हात म्हणतो त्याचा एक नकाशा मेंदूतही असतो. बाहेरचा हात तुटला तरी आतला तसाच राहतो आणि सारखा निरोप पाठवत राहतो. त्या नकाशात हाताच्या शेजारी चेहऱ्याची जागा आहे. म्हणून दाढी करताना गालावरून पातं फिरलं की दादाला नसलेल्या अंगठ्यावर सरसरतं. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात यावर आरशाचा उपाय शोधला. साबूत हात आरशासमोर धरायचा, प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसेल असा, आणि हळूहळू मूठ उघडायची. मी हे कुठंसं वाचून सांगितलं तेव्हा वहिनीनं कपाटाचा आरसा काढून पाटावर उभा केला. दादानं डावी मूठ आवळली, उघडली. आरशात उजवी उघडली. आखडलेली बोटं सुटली, म्हणाला. तो आरशाकडे बघून लहान पोरासारखा हसत होता. वहिनी उठून आत गेली.

भाजलेल्या माणसांचं दुखणं आणखी वेगळं असतं आणि ते आमच्या उन्हाळ्याशी बांधलेलं असतं. दुसरीकडची कातडी सोलून जखमेवर लावतात तेव्हा जखम झाकली जाते, पण त्या कातडीत घामाच्या ग्रंथी येत नाहीत. तेवढा भाग घाम गाळू शकत नाही. वर्ध्याला मे महिन्यात पारा ४५च्या वर चढतो. सगळं अंग निथळत असतं आणि पाठीचा तो पट्टा आतल्या आत तापत राहतो. खाज सुटते ती खाजवून भागत नाही. व्रण आकसतो, मान एका बाजूला ओढतो, कोपर पूर्ण उघडू देत नाही. म्हणून महिनोन्‌महिने घट्ट आवळणारे कपडे घालायचे, तेही याच उन्हात. एकदा बसस्टँडवर, सावलीच्या एका तुकड्यात, एक तरणा माणूस सारखा ओला रुमाल गळ्याच्या मागं दाबून उभा होता. बाजूच्या म्हाताऱ्यानं त्याला जागा दिली, काही विचारलं नाही. त्या म्हाताऱ्याचं मला फार बरं वाटलं.

झिजलेल्या, अधू हातांची ओळख या जिल्ह्याला जुनी आहे. सेवाग्रामला परचुरे शास्त्री कुष्ठरोग घेऊन आले तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमातच ठेवून घेतलं, स्वतःच्या हातांनी त्यांचं मालिश केलं. त्यांची कुटी अजून तिथं आहे. दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६मध्ये कुष्ठधाम उभं केलं. हिंगणघाटात जन्मलेल्या बाबा आमट्यांना पाठीच्या कण्याच्या दुखण्यानं पुढं बसता येईना. ते उभे राहायचे नाहीतर आडवे असायचे, आणि १९८५च्या भारत जोडो यात्रेतसुद्धा गाडीत झोपून देश ओलांडत गेले. त्या माणसाला कुणी जिवावरचं कण्यावर निभावलं, असं म्हणालं असेल असं मला वाटत नाही. झडलेल्या बोटांच्या माणसाला इथं जवळ बसवून घेतलं, काम दिलं, हातमाग दिला. एवढ्या जवळ हे सगळं घडलेलं असताना पुलगाव-भूगावच्या माणसांना मात्र आपण दारातच का सोडतो, हा प्रश्न मला या जिल्ह्याला विचारायचा आहे. रागानं विचारायचा आहे.

आमचे बाबा गेले तेव्हा दादा थोरला, म्हणून सगळं त्यानंच करायचं. तिलांजली देताना पाणी उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडतात. त्या जागेला पितृतीर्थ म्हणतात. नदीवर गुरुजी बोलता बोलता थांबले. सगळे दादाच्या रिकाम्या बाहीकडे बघायला लागले. कुणी म्हणालं डाव्या हातानं चालेल, कुणी म्हणालं धाकट्याला बसवा. गुरुजी म्हातारे होते. त्यांनी दादाच्या मुलाला बोलावलं, त्याचा उजवा हात पुढे घेतला आणि दादाला म्हणाले, तुमचं कोपर याच्या हाताखाली लावा, पाणी तुमचंच. दादानं आखूड झालेला तो हात पोराच्या मनगटाखाली धरला. तीळ आणि पाणी नऊ वर्षांच्या बोटांतून सुटलं. दादा त्या दिवशी रडला. बाबांसाठी रडला असं सगळ्यांनी मानलं आणि त्याला मनसोक्त रडू दिलं. मला मात्र दिसत होतं की तो दोघांसाठी रडतो आहे, आणि त्याच्या हातालाही पहिल्यांदा कुणीतरी ओंजळभर पाणी दिलं आहे.

राखी मी आता डाव्या मनगटाला बांधते. पंगतीत तो डाव्या हातानं जेवतो, नवीन सोयरे बघतात, मग सवय होते. शर्टाची बटणं वहिनीनं काढून टाकून चिकटपट्टी लावली होती, ती त्यानं परत बदलायला लावली. बटणच पाहिजे म्हणाला. एका हातानं लावतो. वेळ लागतो. तोवर आम्ही दारात थांबतो, आणि मदतीला पुढं होत नाही.

परवा बोलता बोलता पेरणीचा विषय निघाला. मी विचारलं, यंदा किती एकर पऱ्हाटी. तो म्हणाला, "यंदा तूर जास्त टाकतो. वेचनीले मजूर भेटत नाई, अन् मी उभा राहून पाह्यतो तं मले दिवस जात नाई. तुरीले कापाले माणसं लावता येते." थोडा थांबून म्हणाला, "दोन तास पऱ्हाटी ठेवतो धुऱ्याकडच्या. पोट्ट्याले दाखवाची हाय, बोंड कसं धरते."