मीठ आणि मेघ

२०१५ च्या ऑगस्टमध्ये हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात, एका स्नेह्याच्या घरी आम्ही चार दिवस पाहुणे होतो. कौलांवर अखंड कोसळणाऱ्या पावसात वाढलेल्या आम्हा किनारपट्टीच्या माणसांना ते शिवार पाहवत नव्हते. सोयाबीन पिवळे पडले होते, हळदीची पाने मिटू लागली होती. स्नेह्याच्या वडिलांना आम्ही बापू म्हणत असू. उसनवारी करून शेजारच्या विहिरीचे पाणी विकत घ्यावे की पावसाची वाट पाहावी, या विवंचनेत ते होते. तेव्हाच्या औरंगाबादेस रडार बसवून कृत्रिम पावसासाठी विमान उडू लागल्याचे आम्ही वृत्तपत्रांत वाचले होते. मोठ्या विश्वासाने आम्ही म्हणालो, ‘बापू, आठ दिवस थांबा.’

बापू थांबले. त्यांच्या शिवारात पाऊस आला नाही. निम्मी हळद वाळली.

त्या टोचणीपायी आम्ही या विषयाचे वाचन आरंभिले. (बोलण्यापूर्वीच ते करावयास हवे होते.) ढगातील जलकण इतके सूक्ष्म असतात की पावसाचा एक थेंब होण्यास असे सुमारे दहा लाख कण एकत्र यावे लागतात. ढगाच्या तळाशी मिठासारखे, पाणी शोषणारे कण सोडले म्हणजे त्यांभोवती मोठे जलकण बनतात आणि ते लहानांना आपल्यात सामावून घेतात. उंचावरील अतिशीत ढगांत हेच कार्य सिल्व्हर आयोडाइड बर्फाचे स्फटिक घडवून करते. १९४६ साली अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी विमानातून ढगात कोरडा बर्फ टाकला, तेथून या विद्येचा आरंभ झाला.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने १९७३ ते १९८६ या काळातील ११ पावसाळ्यांत बारामती परिसरात मिठाचे प्रयोग केले. मीठ कोणत्या क्षेत्रात टाकावयाचे, हे यदृच्छेने ठरे. पाऊस २४ टक्के अधिक भरला. २०१८ व २०१९ मध्ये याच संस्थेने सोलापूर येथे २७६ ढगांवर प्रयोग केला. तेथे वाऱ्याच्या दिशेच्या १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात वाढ आढळली ती सुमारे १८ टक्के. हे आकडे थोडे नव्हेत. परंतु ही वाढ, जो पाऊस मुळात पडणार होता त्याच्यावरची. शून्याचे १८ टक्के शून्यच! विमान ढग निर्माण करीत नाही, ही एवढी गोष्ट आम्हांस त्या दिवशी ठाऊक नव्हती. २००३, २०१५, २०१९ या तिन्ही वर्षी आपल्या राज्यात विमान उडाले ते अवर्षण दारात उभे राहिल्यावर.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा बापूंकडे जाणे झाले. ओसरीवर बसून आम्ही हे सारे सांगितले व क्षमा मागितली. हळदीचा विषय त्यांनी काढलाच नाही. थोड्या वेळाने म्हणाले, ‘म्हंजी ढग आधी पायजे. मग इमान मिरगातच का आणत न्हाईत?’