त्या टी-शर्टवरच्या रेघा आणि इचलकरंजीची बंद शेड

परवा संध्याकाळी रंकाळ्यावर एक पोरगं दिसलं. काळा टी-शर्ट, त्यावर पांढऱ्या वाकड्यातिकड्या रेघा, एकाखाली एक, मधे उंच उठलेल्या. लांबून बघितलं तर पन्हाळ्याकडचे डोंगर वाटावेत. राहवलं नाही म्हणून विचारलं, "भावा, हे काय आहे माहीत हाय काय?"

"डिझाईन हाय की काका. तीनशेला घेतलाय." आणि कणीस खात पुढं गेलं.

त्याची काही चूक नाही. जगभर हा टी-शर्ट घालणाऱ्या बहुतेकांना एवढंच माहीत असतं. त्या रेघा एका ताऱ्याच्या आहेत. १९६७ साली जोसेलिन बेल या केंब्रिजच्या विद्यार्थिनीला रेडिओ दुर्बिणीवर आकाशातून येणारे ठोके सापडले. साधारण दर १.३३ सेकंदाला एक. सापडलेला पहिला पल्सार तो. म्हणजे मोठा तारा संपल्यावर मागं उरलेला गाभा, स्वतःभोवती गरगर फिरत राहिलेला. त्या ठोक्यांचा आलेख १९७९ मध्ये 'जॉय डिव्हिजन' नावाच्या मँचेस्टरच्या बँडनं आपल्या पहिल्या अल्बमच्या कव्हरवर टाकला. अल्बमचं नाव 'अननोन प्लेझर्स'. तिथून तो टी-शर्टवर आला आणि फिरत फिरत रंकाळ्यावर.

आता म्हणाल, महापालिका आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांवर लिहिणारा माणूस आज हे काय घेऊन बसला? सांगतो. जरा लांबण लागेल, पण विषय गावाचाच आहे.

मी मूळचा इचलकरंजीचा. आप्पा यंत्रमागावर होते, तीस वर्षं. एका वेळी चार-चार माग सांभाळायचे, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. आई घरात कांड्या भरायची. आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून शेडी, त्यामुळं खटक्-खटक् हा आवाज आम्हाला आवाज वाटायचाच नाही. माग बंद पडले की तान्ही पोरं दचकून उठायची. शेडीत कुणी बोलायचं नाही, ओठ बघून आणि हाताच्या खुणांनी काम चालायचं. पन्नाशीला आप्पांचे दोन्ही कान गेले. आता मशीन आहे कानात, पण ते बहुतेक वेळा खिशातच असतं.

१९९८ च्या आसपास मी कोल्हापूरला कॉलेजात आलो. होस्टेलवर एका सिनियरनं एक कॅसेट दिली, वर काही लिहिलेलं नव्हतं. वॉकमन लावला आणि पहिल्या मिनिटात मला वाटलं, शेजारी शेड चालू आहे. ड्रम कोरडा, एकसारखा, कुठंही नटवेपणा नाही. गिटार मागं कुठंतरी पत्रा घासल्यासारखी. चाल धरलेली होती ती बास गिटारनं, जी एरवी कुणाला ऐकूसुद्धा येत नाही. आणि लांबून, रिकाम्या गोदामातून यावा तसा एका माणसाचा जाड आवाज. इंग्रजी शब्द दहातले दोन कळले. पण रातपाळीला डबा द्यायला गेल्यावर शेडीच्या दारात उभं राहून जे वाटायचं, ते तसंच्या तसं वाटलं.

या संगीताला पोस्ट-पंक म्हणतात हे फार नंतर कळलं. पंक म्हणजे १९७६-७७ चा इंग्लंडमधला धिंगाणा, तीन कॉर्ड आणि आरडाओरडा. तो दोन वर्षांत स्वतःच दमला. १९७८ च्या जानेवारीत 'सेक्स पिस्तल्स'चा गायक जॉन लायडन बँड सोडून बाहेर पडला आणि त्यानं 'पब्लिक इमेज लिमिटेड' काढला. आरडाओरडा झाला, आता पुढं काय, या प्रश्नातून जे निघालं ते पोस्ट-पंक. त्यांनी जमैकाच्या संगीतातला जाड बास घेतला, टेप कापून जोडल्या, मशीनचे ठोके घेतले. लीड्सच्या 'गँग ऑफ फोर'नं पगार, बाजार, टीव्ही यांच्यावर गाणी केली, ती पण नाचता येतील अशी. 'द स्लिट्स' नावाच्या पोरींच्या बँडला सुरुवातीला वाजवता येत नव्हतं. तरी त्यांनी बँड काढला.

गावं बघा कुठली आहेत. शेफील्ड पोलादाचं, लीड्स लोकरीचं आणि मँचेस्टर कापसाचं. ज्या मँचेस्टरच्या कापडानं आपल्या विणकरांचं कंबरडं मोडलं, ते मँचेस्टर सत्तरच्या दशकात स्वतःच रिकामं झालं होतं. गिरण्या बंद, गोदामं ओस. ४ जून १९७६ ला तिथल्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्तल्सचा कार्यक्रम झाला. माणसं मोजकीच, काही डझन. पण त्यातल्या पीटर हूकनं दुसऱ्या दिवशी जाऊन बास गिटार विकत घेतली. मार्क स्मिथ तिथंच होता, तो सॅल्फर्डच्या गोदीत कारकून होता, त्यानं 'द फॉल' काढला. हा कार्यक्रम जमवणाऱ्या पोरांचा स्वतःचा बँड होता 'बझकॉक्स'. त्यांनी उसने पैसे घेऊन जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच चार गाण्यांची रेकॉर्ड काढली. लंडनच्या कंपनीच्या दारात गेले नाहीत. आपल्याकडं पन्नासच्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे वगैरे मंडळींनी 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाईल करून काढलं, तोच हिशेब.

(कोलटकर जन्मानं कोल्हापूरचे, १९३१ चे. त्यांचं 'जेजुरी' पुस्तकरूपानं आलं तेही १९७६ लाच. हा माणूस पखवाज शिकला होता आणि सत्तरच्या दशकात त्यांनी इंग्रजीत गाणी लिहून ती टेपसुद्धा केली होती. आपण त्यांना कवी म्हणून जेमतेम लक्षात ठेवलंय, हे तर कुणी सांगतच नाही.)

हूकचा एक किस्सा मला फार आवडतो. त्याचा अॅम्प्लिफायर इतका फालतू होता की गिटारच्या गोंगाटात त्याला स्वतःचा बास ऐकू यायचा नाही. म्हणून तो वरच्या पट्टीत वाजवायला लागला. जॉय डिव्हिजनची ओळख झालेला तो बास असा आला. आपल्या अल्लादियाँ खाँसाहेबांचंही असंच सांगतात, आवाज बसला आणि त्या अडचणीतून गायकी नव्यानं घडली. तुलना कुणाला झोंबली तर झोंबू दे.

आणि तो जाड आवाजाचा गायक, इयान कर्टिस. तो नोकरी कुठं करत होता? मॅकल्सफील्डच्या रोजगार कार्यालयात. अपंग माणसांना काम मिळवून द्यायचं हे त्याचं काम. फिट्स येणारी एक मुलगी तिथं यायची, तिच्यावर त्यानं गाणं लिहिलं. पुढं त्याला स्वतःलाच फिट्स सुरू झाल्या. १८ मे १९८० ला तेविसाव्या वर्षी त्यानं आत्महत्या केली. त्या मरणाचं पोस्टर करून विकणाऱ्यांचा मला राग येतो. आजारी माणूस होता, त्याला औषध आणि विश्रांती हवी होती, दौरा नको होता. बँडचं नावही मला पटलेलं नाही. नाझी छळछावणीतल्या वेश्यागृहांवरून घेतलेलं ते नाव, काहीतरी भयंकर म्हणून मिरवायचा पोरकटपणा. आवडतं म्हणून सगळंच गोड मानायचं कारण नाही.

आता गावाकडं येतो. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, लहानपणापासून शाळेत अभिमानानं ऐकलंय. १९०४ ला पहिला यंत्रमाग आला, विठ्ठलराव दातारांनी आणला. त्यानंतर दोन वर्षांत, १९०६ ला, शाहू महाराजांनी कोल्हापुरात गिरणी काढली. तिच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी अजून आहे गावात. २००३ ला ती बंद झाली. इचलकरंजीत जुने माग भंगारात जाऊन रॅपियर, एअरजेट आले. ज्याला ते परवडले नाहीत त्याची शेड रिकामी. मँचेस्टर हे नाव आपण उद्घाटनापुरतं घेतलं होतं, आता शेवटासकट मिळालंय.

मला एक मित्र म्हणाला, "ही गोऱ्यांची रडगाणी कशाला पाहिजेत? आपल्याकडं शाहिरी आहे की." आहेच. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, दोघंही गिरणीत राबलेली माणसं. त्यांच्यापुढं आपण कोण? पण शाहीर उभा राहतो तो हजारो कामगारांपुढं, युनियन जिवंत असताना, उद्या आपला आहे अशा खात्रीनं. गेट कायमचं बंद झाल्यावर, युनियनचा बोर्ड गंजल्यावर, बाप घरात मुका बसल्यावरचं गाणं कुठलं? कवितेत आहे थोडं. संगीतात मला तरी फार कमी सापडतं. पोस्ट-पंक नेमकं तिथलं आहे. म्हणून ते मिन्स्कच्या पोरांना पण आपलं वाटलं. बेलारूसच्या 'मोल्चात दोमा' या बँडचं रशियन गाणं २०२० मध्ये जगभर व्हायरल झालं. शब्द कुणाला कळले? माझ्या भाच्याला तर नाहीच.

हा भाचा माझ्याकडं राहतो, इंजिनीअरिंगला आहे. एका रात्री हेडफोन घेऊन आला, "मामा, हे ऐक की, कसलं गार वाटतंय." तेच गाणं. मी कपाटातनं ती जुनी कॅसेट काढून दाखवली. त्यानंतर सहा महिन्यांत त्यानं जुनी बास गिटार पैदा केली, तीन पोरं आणि ड्रमवर एक पोरगी असा बँड जमवला. नाव अजून नाही. गाणी मराठीत, आणि मराठी पण पुस्तकी नव्हे, आपली. एक गाणं एसटी स्टँडवर झोपलेल्या परीक्षार्थी पोरांवर आहे. कच्चं आहे, पण खोटं नाही.

सात महिने ही पोरं इचलकरंजीत एका मित्राच्या वडिलांच्या बंद शेडीत सराव करायची. माग विकलेले, जमिनीत नुसते बोल्ट उरलेले. एका रविवारी मी आप्पांना घेऊन गेलो. बरीच वर्षं झाली होती त्यांना शेडीत पाऊल टाकून. मशीन नेहमीप्रमाणं खिशात. थोडा वेळ पोरांचे हात बघत उभे राहिले. मग पुढं जाऊन बासच्या स्पीकरवर तळवा ठेवला, दुसरा हात भिंतीवर. गाणं संपल्यावर ड्रमवाल्या पोरीला म्हणाले, "पोरी, तुझा हात मधीच मागं राहतोय. तिसऱ्या मागागत." पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, बघ काय ते. तिनं रेकॉर्डिंग लावून बघितलं, आणि खरंच राहत होता.

मग तक्रार झाली. संध्याकाळी सहाला. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, नियम २००० सालचा आहे आणि तो बरोबरच आहे. कानाचं काय होतं ते आमच्या घरानं बघितलंय. पोरांनी दाराला गाद्या लावल्या, वेळ कमी केली. पण त्याच रस्त्यावरनं मिरवणुकीत ट्रॉलीवर स्पीकरच्या भिंती जातात, खिडक्यांच्या काचा थरथरतात, तेव्हा नियम कुठल्या कपाटात असतो? ज्याच्या मागं मंडळ आहे, नेता आहे, त्याला रस्ता मोकळा. चार पोरं बंद खोलीत स्वतःचं गाणं करतात, त्यांना ताकीद. शेवटी शेड गोदामाला भाड्यानं गेली.

माझं म्हणणं खोलीपुरतंच आहे. मँचेस्टरची पोरं काही देवाकडनं वेगळी आली नव्हती. त्यांना ओस गोदामात स्वस्तात सरावाला जागा मिळाली, बेकारी भत्ता मिळत होता, आणि कुणी विचारत नव्हतं की यातून काय निघणार. पुढं तिथंही गोदामांचे फ्लॅट झाले. त्याच मंडळींनी १९८२ ला काढलेला 'हासिएंडा' क्लब पाडून तिथं फ्लॅटच उभे आहेत, नाव तेवढं ठेवलंय.

कोल्हापूरला हे नवीन नाही. गायन समाज देवल क्लब १८८३ चा. शाहू महाराजांनी गिरणी काढली तशी १९१५ ला नाट्यगृहही बांधलं, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. तेव्हाचं नाटक हे काही जुनं सोवळं प्रकरण नव्हतं, तरण्या पोरांचं वेड होतं ते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा अख्खं गाव रडलं. शाहू मिलच्या जागेवर स्मारकाची चर्चा तर वर्षानुवर्षं ऐकतोय. ६ मे २०२२ ला महाराजांसाठी सगळं शहर १०० सेकंद स्तब्ध उभं राहिलं, मीही होतो. स्मारकाच्या आराखड्यात दोन खोल्या अशा असाव्यात, भिंतींना आवाज न जाणारं अस्तर लावलेल्या, तासाला नाममात्र भाडं, येईल त्याला सरावाला खुल्या. ढोल-ताशा, रॅप, भजन, लावणी, काहीही. त्याला काही कोटी लागत नाहीत. नगरसेवकांपैकी कुणी हे वाचत असेल तर भेटायला यायची माझी तयारी आहे, कागद घेऊन येतो.

तोवरचं काम: कोल्हापूर किंवा इचलकरंजीत कुणाची रिकामी शेड, तळघर, गोदाम असेल तर कळवा. वस्तीपासून जरा लांब असलं तर उत्तम. आठवड्यातून दोन दिवस, दुपारी तीन ते सहा. पोरं थोडं भाडं देतील, झाडलोट करतील, वीजबिल वेगळं. थ्री फेज लागत नाही, सिंगल फेज चालतंय. आणि येताना एक म्हातारा माणूस पण येईल, त्याला टेकायला भिंतीकडंला एक खुर्ची लागेल.