वटाव किती धरायचा?

भारत मोठा सामना जिंकला की उज्जैनच्या फ्रीगंजातला टावर चौक भरून जातो. मला त्याहून दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ आवडते. चाटच्या गाड्यांपाशी निवड समितीची बैठक नव्याने भरते, मराठी, हिंदी आणि माळवी अशा मिसळलेल्या बोलीत. एक जण फोनवर सरासऱ्या काढून दाखवतो. दुसरा म्हणतो, ‘भाऊ, आकडे राहू द्या, आम्ही त्याला खेळताना बघितलंय.’ आपली बाजू निःपक्षपाती आहे, असे दोघांनाही मनापासून वाटते. खाली लिहिलेले बरेचसे याच वादातून सुचलेले आहे.

*

नमन ओझाचा विषय निघाला की इथे कोणीच तटस्थ राहत नाही. पोरगा उज्जैनचा. 2014 मध्ये भारत अ संघाकडून ऑस्ट्रेलियात नाबाद 219. पुढच्या वर्षी कोलंबोत एक कसोटी मिळाली, 21 आणि 35 धावा झाल्या आणि दार बंद झाले. रणजीत यष्टिरक्षक म्हणून त्याने साडेतीनशेवर बळी टिपले. टावर चौकाचा निकाल असा, की अन्याय झाला. मलाही तसेच वाटते. पण आपल्या गावचा आहे म्हणून मी त्याच्या बाजूला किती गुण जास्त टाकतो, हेही तपासायला हवे. धोनी, मग साहा, आणि यष्ट्यांमागे जागा एकच. हे त्या निकालात कुठेच धरलेले नसते.

*

यष्टिरक्षकाचेच बघा. त्याने घेतलेले झेल मोजले जातात, यष्टिचीत मोजले जातात, बाय मोजल्या जातात. सुटलेल्या झेलासाठी क्रिकेटच्या धावपुस्तकात रकानाच नाही! 10 धावांवर जीवदान मिळालेल्या फलंदाजाचे शतक आणि निर्दोष शतक कागदावर अगदी सारखे दिसते. बिचाऱ्या गोलंदाजाच्या नावापुढे त्या हुकलेल्या बळीची काहीच नोंद नसते.

बेसबॉलवाल्यांनी हा रकाना ठेवला. तिथे प्रत्येक सामन्याला एक अधिकृत गुणलेखक असतो. चेंडू अडवणाऱ्याच्या हातून निसटला तर ती फलंदाजाची कमाई की क्षेत्ररक्षकाची चूक, हे तो ठरवतो. सामान्य प्रयत्नात तो चेंडू हाती यायला हवा होता का, ही त्याची कसोटी. सामान्य म्हणजे काय, ते तो डोळ्यांनी ठरवतो. म्हणजे ज्या सरासरीवर पुढे करार होतात, तिच्या मुळाशीच एका माणसाचे मत बसलेले आहे.

*

बेसबॉलचा धावफलक रुजवणारा हेन्री चॅडविक हा इंग्लंडमध्ये जन्मलेला, क्रिकेटच्या बातम्या देणारा पत्रकार होता. या धावफलकातही एक रकाना राहिला: चार वाईट चेंडू सोडून फलंदाजाला फुकट पहिला टप्पा मिळतो, त्याचे श्रेय फलंदाजीच्या सरासरीत येत नाही. 1887 मध्ये एकच हंगाम ते धरले आणि सोडून दिले. चेंडू सोडणे हीही कला आहे, हे पुढे सुमारे शंभर वर्षे सरासरीने लपवले. कॅन्ससमधल्या एका कारखान्यात रात्रपाळीची रखवाली करणाऱ्या बिल जेम्सने 1977 पासून स्वतः छापलेल्या पुस्तिकांतून हे आकडे उलटेपालटे करायला सुरुवात केली. 2002 मध्ये ओकलंडच्या संघाने असे दुर्लक्षित खेळाडू स्वस्तात जमवून लागोपाठ 20 सामने जिंकले. जुन्या पारख्यांची नजर भरायची ती देहयष्टीवर; ओकलंडने पाहिले की हा माणूस बाद न होता टप्प्यावर पोचतो किती वेळा.

*

देहयष्टीवरून मुंबईचा फलंदाज सरफराज खान आठवणारच. 2021-22 च्या रणजी हंगामात 982 धावा, अंतिम सामन्यात आपल्याच मध्य प्रदेशाविरुद्ध 134. तरी कसोटीची टोपी थेट फेब्रुवारी 2024 मध्ये, राजकोटला. तिथे 62 आणि नाबाद 68. मधल्या काळात त्याच्या वजनाचीच चर्चा जास्त झाली. तंदुरुस्ती हवीच, मी नाकारत नाही. मग तिचे माप सांगा, सगळ्यांना तेच लावा. माप न सांगता पोटाकडे बोट दाखवणे याला मी निवड म्हणत नाही.

*

भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर 1948, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद 443, महाराष्ट्र 4 बाद 826. ब्रॅडमनचा 452 चा विश्वविक्रम समोर दिसत होता. उपाहाराला काठियावाडच्या कर्णधाराने डाव घोषित करा म्हटले आणि पुढे खेळायलाच नकार देऊन सामना सोडला. एका माणसाच्या हट्टाने आकडा 443 वर थांबला. तो आकडाही शुद्ध क्रिकेटचा नाही, त्यात समोरच्या संघाची लाज मिसळलेली आहे.

हेच निंबाळकर आपल्या माळव्यात होळकर संघाकडूनही खेळले. 1945-46 मध्ये म्हैसूरविरुद्ध होळकरांच्या 8 बाद 912 धावांत सहा शतके होती, त्यातले सर्वात मोठे, 172 चे, त्यांचे. प्रथम श्रेणीत त्यांची सरासरी जवळपास 48. अधिकृत कसोटी एकही नाही.

काठियावाडची गोलंदाजी दुबळी आणि त्या काळच्या खेळपट्ट्या निर्जीव होत्या, असे म्हणतात. ठीक आहे, वटाव धरा. पण किती? शेकडा दहा, शेकडा तीस? त्याच खेळपट्ट्यांवर धावा काढून जे कसोटीला गेले, त्यांनाही तोच वटाव लावला होता का? बेसबॉलमध्ये प्रत्येक मैदानासाठी असा वटाव काढतात आणि छापतात. तोही चुकू शकतो, पण चूक दाखवता येते. बंद खोलीत मनातल्या मनात धरलेल्या वटावाशी वाद कसा घालणार?

*

मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर यांची गोष्ट मी अन्यायाच्या यादीत सहज घालत नाही. 589 बळी, 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर 16 धावांत 8 आणि 18 धावांत 5. पण समोर त्याच पठडीतला बेदी होता. बेदीला आधी घेणे हा पक्षपात नव्हता. डावखुरे फिरकीपटू दोन खेळवायचेच नाहीत, हा रिवाज मात्र कोणी हिशेब मांडून ठरवला होता?

*

मापाचेच म्हणाल, तर उज्जैनची जुनी वेधशाळा चौकापासून लांब नाही. सवाई जयसिंहाने धातूची लहान यंत्रे सोडून चुनाविटांची मोठी यंत्रे बांधली, कारण लहान यंत्रांच्या मापात चूक येते. 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले.

यंत्र मोठे केले तरी डोळा माणसाचाच. ग्रीनिचच्या वेधशाळेत 1796 मध्ये तिथल्या प्रमुखाने, मॅस्केलिनने, आपल्या किनब्रुक नावाच्या सहायकाला कामावरून काढले. ताऱ्याच्या संक्रमणाची त्याची नोंद साहेबांपेक्षा सुमारे पाऊण सेकंद मागे पडत होती. पुढे बेसेल नावाच्या ज्योतिर्विदाने तपासले, तर निष्णात वेधकर्त्यांच्या नोंदीही एकमेकांपासून ठरावीक अंतराने वेगळ्या निघाल्या. मग ज्योतिर्विद प्रत्येकाचा फरक मोजून हिशेबातून वजा करू लागले. किनब्रुकची नोकरी गेलीच होती. साहेबांचा डोळा बरोबर, हे धरूनच मोजणी झाली होती. निवड समितीतल्या प्रत्येकाचा असा फरक काढता येईल: जुन्या निवडी आणि पुढची कामगिरी शेजारीशेजारी मांडली की झाले.

*

चंद्रकांत पंडित. 1999 मध्ये मध्य प्रदेशाचे कर्णधार, बंगळुरूत शेवटच्या दिवशी रणजी करंडक निसटला. 2022 मध्ये प्रशिक्षक म्हणून त्याच मैदानावर मुंबईला हरवून तो आणला. इथे त्यांच्या शिस्तीचे पोवाडे झाले. मग कोलकात्याच्या आयपीएल संघात 2023 ला सातवा क्रमांक, तेव्हा तीच शिस्त जाचक. 2024 ला विजेतेपद, तर श्रेय बरेचसे मार्गदर्शक गंभीरच्या पदरात. 2025 ला आठवा क्रमांक आणि निरोप. प्रशिक्षकाचा वाटा किती, हा रकाना अजून कोणाच्याच वहीत नाही.

*

19 ऑक्टोबर 2025, इंदूर, महिला विश्वचषक. इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जला वगळून एक गोलंदाज वाढवली आणि भारत 4 धावांनी हरला. टावर चौकाने प्रशिक्षक अमोल मुजुमदारांना धुऊन काढले. प्रथम श्रेणीत 11 हजारांवर धावा करूनही भारताकडून एकदाही न खेळलेला माणूस, त्याला वगळण्याबद्दल कोणी काय शिकवावे? इंदूरआधीच्या चार डावांत जेमिमा दोनदा शून्यावर बाद झाली होती आणि गोलंदाजी तोकडी पडत होती. पुढे तिसऱ्या क्रमांकावर न्यूझीलंडविरुद्ध नाबाद 76, उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या 338 चा पाठलाग करताना नाबाद 127, आणि 2 नोव्हेंबरला विश्वचषक. त्या रात्री चौकात अमोलच्या नावाने घोषणा झाल्या. इंदूरचा निर्णय मला आजही समजण्यासारखा वाटतो. 5 धावा जास्त झाल्या असत्या, तर त्यावर कोणी चकार शब्द काढला नसता.