अकरानंतर पाव दर

१९९६ साली मी पुण्यात, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होतो. एम.ए.ची परीक्षा संपली आणि ती महाराष्ट्र एक्स्प्रेसने नागपूरला घरी परत गेली. जयकर ग्रंथालयात दोन वर्षं आम्ही समोरासमोर बसून टिपणं काढली होती, कँटीनमध्ये एक चहा दोघांत घेतला होता. आणि स्टेशनवर मी काय विचारलं? ‘बर्थ खालचा मिळाला ना?’

मग दर रविवारी एसटीडी. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, त्यामुळे पावणेअकरापासूनच बूथबाहेर रांग. नंबर लागला की काचेच्या खोक्यात शिरायचं, ०७१२ फिरवायचं. या मार्गावरच्या सगळ्या लाइनी व्यस्त आहेत, असं एक बाई थंडपणे सांगायची, पुन्हा फिरवायचं. डोळ्यांसमोर मीटरचे लाल आकडे. पाव दरात पल्स दिवसाच्या चौपट लांबायचा, तेवढीच सवड. वाक्य मी खोलीवरून घोकूनच निघालेलो असे. पण तिकडून ‘काय करून राहिलास?’ आलं की ते घशातच राहायचं आणि मी विचारायचो, ‘सेटचे फॉर्म निघाले का गं?’ मग जरा वेळाने, ‘आकडा फार झाला, ठेवतो.’ मीटरवर ढकलायला बरं पडायचं.

नकार आला तर रविवारचा फोनही जाईल, असा माझा हिशेब होता. हिशेबात मी शाळेपासूनच कच्चा.

कारण एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. फोन पहिल्या रिंगला उचलला जायचा. रात्री अकरानंतर, भरल्या घरात. आणि दरवेळी तिनेच.

पुढे लग्न ठरल्याचं तिने पत्राने कळवलं. मी अभिनंदनाचं कार्ड धाडलं, तेही उशिरा.

दोन वर्षांपूर्वी वर्गातल्या एका मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं, नागपूरलाच. पंगती उठल्यावर मंडपाच्या कडेला खुर्च्या ओढून आम्ही बसलो. तिचे यजमान विडे घेऊन आले, दोन गोष्टी बोलून गेले. भला माणूस. मग मी विचारलं, ‘तू फोन इतक्या पटकन कशी उचलायचीस?’

‘रविवारी मी हॉलमध्येच गादी टाकायची. आईला सांगायची, आत उकडते म्हणून.’

‘डिसेंबरातही?’

‘डिसेंबरातही.’

‘मग बोलली का नाहीस कधी?’

‘मी बोलली असती अन् तू फोनच बंद केला असता तर?’ ती पदराशी चाळा करत हसली. ‘अन् तू घाईघाईत ठेवायचास. मला वाटे, पैसेच नसतील बिचाऱ्याजवळ.’

पैसे होते. त्या फोनांसाठीच मी दोन शिकवण्या धरल्या होत्या.