मॅडम, टर्बो गेला!

‘मॅडम, टर्बो गेला.’

हे वाक्य मी पंधरा महिन्यांत तीनदा ऐकलंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ‘गेला’ म्हणजे नेमका कुठे गेला, असं विचारावंसं वाटलं होतं. दुसऱ्यांदा फक्त ‘किती?’ एवढंच विचारलं. आणि तिसऱ्यांदा... तिसऱ्यांदा मी औट्रम घाटात रस्त्याकडेच्या दगडावर बसून चक्क रडले.

चाळीसगावहून एक स्टोरी करून परत येत होते. घाटाचा चढ लागला, अ‍ॅक्सिलरेटर पार खाली दाबला, तरी गाडी काही हलेना. बॉनेटखालून आधी अ‍ॅम्ब्युलन्ससारखी बारीक शिट्टी आली, मग तीही बंद. आरशात पाहिलं तर मागचा ट्रक गायब! म्हणजे ट्रक होता तिथेच, पण माझ्या गाडीच्या निळसर-पांढऱ्या धुरात दिसत नव्हता. किल्ली फिरवली, इंजिन बंद झालं. ते बंद झालं हे माझं नशीब, हे मला नंतर कळलं. टर्बोचं सील फुटलं की इंजिन ऑइल थेट इंजिनात जाऊ शकतं. डिझेल इंजिन मग त्या ऑइलवरच पळत सुटतं, किल्ली काढली तरी थांबत नाही. अशा वेळी गाडी जागेवर उभी ठेवायची, वरचा गिअर टाकायचा, ब्रेक घट्ट दाबायचा आणि क्लच झटकन सोडून इंजिन बंद पाडायचं. हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मला कुणी शिकवलं नव्हतं. तुम्हाला शिकवलं होतं का?

गाडी बाबांची. रिटायर झाल्यावर त्यांनी घेतलेली पहिली, आणि त्यांच्याच शब्दांत ‘बहुतेक शेवटची’. रोज सकाळी चहाच्या आधी ते ती ओल्या फडक्याने पुसतात. चालवते मात्र जास्त मीच. फ्रीलान्सिंग म्हणजे आज जालना, उद्या सिल्लोड, परवा बीड.

पहिला टर्बो गेला 84 हजार किलोमीटरला. नवा टाकला, बिल 58 हजार. बाबा म्हणाले, ‘असू दे, मशीन आहे.’ दुसरा गेला अवघ्या 11 हजार किलोमीटरनंतर. गॅरेजवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं आणि बाबांनाच विचारलं, ‘गाडी मॅडम चालवतात का?’ खलास! निकाल लागला. ड्रायव्हिंगचा दोष, म्हणून वॉरंटी नाही. रिकंडिशन्ड टर्बो बसवला, 26 हजार. घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, ‘जरा हळू चालवत जा.’ ते रागावले असते तर बरं झालं असतं!

तिसरा सहा हजारांतच गेला. बाबा या वेळी काहीच बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, ‘विकून टाकू.’

मला झोप आली नाही. पैशांचं टेन्शन होतंच, पण त्याहून जास्त लागलं होतं ते वेगळंच. बाबांची गाडी मी मारली, असं घरात, गॅरेजमध्ये आणि आता माझ्याही डोक्यात पक्कं झालं होतं.

आता गंमत बघा. ज्या शहराने (तेव्हाच्या औरंगाबादने) 2010 मध्ये एका फटक्यात 150 मर्सिडीज घेऊन देशभर हेडलाइन केली, जिथे वाळूजला बजाजच्या गाड्या बनतात आणि शेंद्र्याला कार बनतात, त्या छत्रपती संभाजीनगरात एका साध्या डिझेल कारचं दुखणं ओळखणारा माणूस मिळू नये?

मिळाला. एक फोटोग्राफर मित्र मला शहागंजच्या मागच्या गल्लीत घेऊन गेला. तिथे ना काचेची केबिन, ना कॉफी मशीन. ट्रक आणि ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनांत आयुष्य घालवलेले एक चाचा. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, ‘तिन्ही बिलं आहेत?’

होती. त्यांनी चष्मा लावून ती वाचली. पाइप, जाळी, काहीही बदललेलं नव्हतं. तिन्ही वेळा फक्त टर्बो आणि ऑइल. चाचांनी बिलांची घडी घातली आणि म्हणाले, ‘बेटा, टर्बो मरा नहीं, मारा गया है. किसने मारा, वो देखना पडेगा.’

मास कॉमच्या पहिल्या सेमिस्टरला आम्हाला पाच ‘क’ घोटून घेतले होते. कोण, काय, कुठे, केव्हा आणि का. तीन टर्बो आणि जवळपास लाखभर रुपये गेले, तरी ‘का’ हा प्रश्न मी, एका पत्रकार बाईने, एकदाही विचारला नव्हता!

मग सुरू झालं पोस्टमॉर्टेम. टर्बो म्हणजे एका दांडीच्या दोन टोकांना दोन पंखे. एक पंखा सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराने फिरतो, दुसरा त्याच जोरावर इंजिनात जादा हवा कोंबतो. वाया जाणाऱ्या धुराला कामाला लावायचं, एवढाच फंडा. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने 1905 मध्ये याचं पेटंट घेतलं होतं. आजच्या छोट्या कारमध्ये ही दांडी मिनिटाला लाख-दीड लाख फेरे मारते. एवढ्या वेगात ती टिकते ती फक्त ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असते म्हणून. तो थर क्षणभर जरी गेला, तरी दांडी बेअरिंगला घासलीच.

चाचांनी मेलेला टर्बो खोलून माझ्या हातात दिला. पंख्याची पाती तुटकी असती, तर बाहेरून काहीतरी आत गेलं असं समजायचं. बेअरिंगवर बारीक ओरखडे असते, तर ऑइल घाण. आणि दांडी जळून निळी पडली असेल, तर ऑइल पोचलंच नाही. माझी दांडी मोरपंखी निळी होती.

‘पनचक्की देखी है ना?’ चाचांनी विचारलं. संभाजीनगरच्या पोराला पाणचक्की पाहिलीस का विचारणं म्हणजे... शाळेची प्रत्येक सहल तिथेच! दूरच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून यायचं, वरून पडायचं आणि त्या जोरावर जातं फिरायचं. ‘चक्की थांबली तर जातं बदलणार की नहर बघणार?’

आम्ही नहर बघितली. टर्बोला ऑइल नेणारा पाइप पेन्सिलपेक्षा बारीक. चाचांनी तो पुसून तोंडाने फुंकला, फुंकर पलीकडे जाईना. त्याच्या पोकळ बोल्टमध्ये शेंगदाण्याएवढी जाळी असते, ती डांबराने लिंपल्यासारखी बंद. मग इंजिनखालचा ऑइलचा चेंबर उतरवला. ऑइल ओढून घेणाऱ्या पंपाची जाळी अर्धीअधिक काळ्या चिखलात. नवा टर्बो, नवं ऑइल घातलं की आतला जुना चिखल सुटायचा आणि पुन्हा याच जाळीत अडकायचा. म्हणून पहिल्यापेक्षा दुसरा लवकर गेला आणि दुसऱ्यापेक्षा तिसरा.

पण हा चिखल आला कुठून? ऑइल तर आम्ही वेळच्या वेळी बदलत होतो. चाचांनी इंजेक्टरवरचं झाकण काढलं. चारपैकी दोन इंजेक्टरभोवती काळा, कडक कोळसा. इंजेक्टरखाली तांब्याचं एक छोटं वॉशर असतं. ते बसकं झालं की सिलिंडरमधला जळका धूर तिथून निसटतो, थोडा बाहेर येतो आणि थोडा आत जाऊन ऑइलचं डांबर करतो. खुनी सापडला! किंमत म्हणाल तर एका सिनेमाच्या तिकिटाहून कमी.

‘थंड गाडी सुरू केल्यावर चुक-चुक आवाज यायचा? केबिनमध्ये जळका वास?’ चाचांनी विचारलं. मला आठवेना. मी सकाळी गाडीत बसते तेव्हा कानात इअरफोन असतात. मी घरी फोन लावला.

पलीकडे बाबा दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, ‘तो आवाज तर मी दोन वर्षं ऐकतोय. पुसताना रोज वासही येतो. पहिल्या सर्व्हिसिंगला सांगितलं होतं, तर ते हसले. म्हणाले, काका, डिझेल गाडी आहे, आवाज येणारच. मग नाही सांगितलं कुणाला.’

साक्षीदार घरातच होता! त्याला कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

वॉशर बदलले, दोन्ही जाळ्या साफ केल्या, ऑइलचा पाइप आणि पोकळ बोल्ट नवा टाकला. रिकंडिशन्ड टर्बो बसवल्यावर चाचांनी परतीचा पाइप सोडून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरला आणि गाडी जागेवरच सुरू केली. ऑइलची छान जाड धार बाटलीत पडू लागली. ‘अब पानी आ रहा है,’ चाचा म्हणाले. हजार किलोमीटरला ऑइल परत बदलायचं, सकाळी सुरू केल्या केल्या गाडी पिळायची नाही आणि हायवेवरून आल्यावर अर्धा-एक मिनिट तशीच सुरू ठेवून मग बंद करायची, एवढी पथ्यं सांगितली.

एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 आल्यावर कितीतरी छोट्या डिझेल कार बाजारातून गेल्या. पण विकल्या गेलेल्या अजून आपल्या बिल्डिंगखाली उभ्या आहेत. तुमचीही असेल आणि कुणी ‘टर्बो गेला’ म्हणालं, तर ‘किती?’च्या आधी ‘का?’ विचारा. जुना पाइप, जाळी, इंजेक्टर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि हो, गाडी रोज पुसणारं घरात कुणी असेल, तर त्यांनाही विचारा.

आमची गाडी विकली नाही. तेव्हापासून 22 हजार किलोमीटर झाले, टर्बो तोच आहे. तो बंद पडलेला पाइप बाबांनी धुऊन टीव्हीच्या शोकेसमध्ये ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला फुंकून बघायला लावतात. सकाळी बॉनेट उघडून दोघंही कान लावतो. माझे इअरफोन पर्समध्ये.

परवा पुन्हा चाळीसगावला निघाले होते. बाबांनी किल्ली दिली. ‘हळू चालव’ म्हणतील, असं वाटलं. म्हणाले, ‘घाटात मागे ट्रक असेल तर त्याला आधी जाऊ दे.’

बस, एवढंच.