रुपयाचे नाणे आणि पाच छर्रे

आमच्या घराला बंदूक काही नवी नाही. आजोबांकडे ठासणीची होती, शेतसंरक्षणाच्या परवान्याची. भात पोटरीत आले की डोंगरातून डुकरे उतरत आणि आजोबा रात्रीचे माळ्यावर जाऊन बसत. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून यायची आणि निकालानंतर परत आणायची, ही त्यांची ठरलेली फेरी. त्यांच्या नेमाला माप एकच होते. लागला किंवा हुकला. किती हुकला, कोणत्या अंगाला हुकला, हे अंधारात कोण बघणार?

आता त्याच घराच्या मागच्या पडवीत माझी पुतणी दहा मीटरवर कागदी कार्ड लावून छर्रे मारते आणि मिलिमीटरची भाषा बोलते.

ही हौस तिला लागली ती शाळेतल्या एनसीसीमुळे. पण दादाच्या डोक्यात ती शिरली २०२४ च्या ऑगस्टच्या १ तारखेला. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळे याने ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेतले, ते दादाने दूरदर्शनसमोर उभे राहून पाहिले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातले कांबळवाडी हे त्याचे गाव. “आपल्यासारखंच खेडं आहे रे ते,” असे दादा मला त्या रात्री तीनदा म्हणाला. मी त्याला सांगितले की कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली होती. झाले, आगीत तेल पडले!

पुतणीकडे जी हवेची बंदूक आहे ती साधी, नळी मोडून भरायची, स्प्रिंगवर चालणारी. रविवारी ती रोह्याहून गाडीने पनवेलच्या बाजूला एका रेंजवर जाते. तिथे बाकीच्या मुलांकडे परदेशी रायफली, दाबलेल्या हवेच्या नळकांड्यावर चालणाऱ्या. किंमत दोन लाखांच्या वर. मागच्या पावसाळ्यात एक दिवस दादाने मला घरी बोलावले. वहिनींनी चहा ठेवला आणि कपाटातून लाल कापडात बांधलेल्या पाटल्या आणून दादापुढे ठेवल्या. बोलल्या काही नाहीत. दादा म्हणाला, “सोमवारी सोनाराकडे जातोय. तू शेतकी शिकलेला माणूस, एकदा बघून सांग, हिची बंदूक खरंच वाईट आहे का?”

वाचकहो, मला बंदुकीतले काय कळणार! तीस वर्षे मी भाताच्या रोपांमधली अंतरे आणि फवाऱ्याचे थेंब मोजत आलो. पण मोजणे म्हटले की माझे पाय आपोआप वळतात. पुतणीने मोबाइल काढला. “काका, हे बघा. सोळा मिलिमीटर. चांगल्या रायफलीत पाच छर्रे एकाच भोकात जातात.”

मोबाइलवर असे अ‍ॅप मिळते हे मला ठाऊक नव्हते. ई-पीक पाहणी २०२१ साली आली तेव्हापासून बांधावर उभे राहून फोटो काढायची सवय आपल्या सगळ्यांनाच झाली आहे. हे त्याचेच चुलत भावंड. पाच छर्रे मारलेल्या कार्डाचा फोटो काढायचा. फोटोतल्या एखाद्या वस्तूची खरी लांबी अ‍ॅपला सांगायची, म्हणजे त्याला प्रमाण कळते. छर्ऱ्याचा व्यास सांगायचा, तो ४.५ मिलिमीटर. मग प्रत्येक भोकावर बोट ठेवायचे. सगळ्यांत लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर अ‍ॅप काढून देते. त्याला नेमबाज ग्रुप म्हणतात, आपण पुंजका म्हणू. शिवाय पुंजक्याचा मध्य कार्डाच्या मध्यापासून किती आणि कुठे सरकला आहे तेही दाखवते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुंजका घट्ट असून बाजूला पडला असेल तर माशी सरकवली की काम झाले. पुंजकाच विस्कटलेला असेल तर माशी सरकवून काय उपयोग?

कार्डे घरी आणली आणि जुना व्हर्निअर शोधून काढला. दापोलीला शिकत असताना भाताच्या दाण्याची लांबी-रुंदी मोजायला घेतलेला आहे तो. दोन टोकांच्या भोकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर आले १८.५ मिलिमीटर. त्यातून एका छर्ऱ्याचा व्यास वजा केला की मध्यापासून मध्यापर्यंत १४. अ‍ॅप सांगत होते १६. पुन्हा मोजले, पुन्हा १४. मोबाइल खोटे बोलतो की माझे डोळे गेले?

दुसऱ्या दिवशी पुतणीला म्हटले, फोटो कसा काढतेस ते माझ्यासमोर करून दाखव. तिने कार्ड ठेवले, शेजारी रुपयाचे नाणे ठेवले आणि अ‍ॅपमध्ये २५ मिलिमीटर लिहिले. कुठेतरी वाचले होते म्हणे. आता गंमत अशी, की १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा होता हे खरे. पण २०११ साली रुपया लहान झाला, जवळजवळ २२ चा. २०१९ ला आणखी लहान, २० चा. तिच्या हातातले नाणे होते मधल्या काळातले. बावीसला पंचवीस म्हटले की चौदाचे सोळा होणारच. सोनाराकडे निघालेल्या दोन लाखांच्या हिशेबात हा रुपया असा बसला होता.

दादाला सांगितले तर तो आधी हसला आणि मग म्हणाला, “चौदा तरी कुठं चांगले आहेत?” ते मात्र बरोबर होते.

माप घेताना आणखी काय काय चुकते ते आम्ही त्या आठवड्यात पडवीत बसून पाहिले. मोबाइल कार्डावर सरळ न धरता तिरपा धरला की एका दिशेचे अंतर आखडते. पंचवीस अंश तिरपा धरला तर जवळजवळ शेकडा नऊने. कार्ड दमट हवेने वाकलेले असले तरी तेच. नाण्यापेक्षा कार्डावरचे छापील वर्तुळ बरे. एअर रायफलच्या कार्डाचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा असतो आणि सगळ्यांत बाहेरचे वर्तुळ ४५.५ चे. मधला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा, बाजरीच्या दाण्याहूनही लहान! पण कार्ड झेरॉक्स केलेले असेल तर तेही आधी पट्टीने मोजावे. आमच्याकडची झेरॉक्स सारी आखडलेली निघाली.

मग बंदूक उलटी केली. लाकडी दस्त्याचे दोन स्क्रू हाताने हलत होते. स्प्रिंगची बंदूक दर वेळी हादरते, त्याने ते सैल होतात. ते आवळले. छर्रेही बदलून पाहिले. घरात तीन डब्या होत्या. एकीतल्या कित्येक छर्ऱ्यांच्या कडा चेपलेल्या. वाळूच्या पिशवीवर हात टेकून पुतणीने नव्या डबीतले पाच-पाच मारले. पुंजका नऊवर आला.

“काका, सातचं कार्डही आहे!” ती म्हणाली. मी विचारले, आणि बाकीची? बाकीची तिने चुलीत घातली होती. एका कार्डावर तीनच छर्रे मारून थांबली होती. दुसऱ्यावरचा एक लांब गेलेला छर्रा तिने अ‍ॅपमध्ये घेतलाच नव्हता; “तो हातातून सुटला, तो धरायचा नाही.”

मी तिला रागावलो नाही. रागावणार कोणत्या तोंडाने? नोकरीच्या सुरुवातीला एका प्रात्यक्षिक प्लॉटचे उत्पन्न मोजायचे होते. नव्या वाणाचा प्लॉट, वरिष्ठ येणार होते. पीक कापणीचा तुकडा कुठे पडेल हे आकड्यांच्या तक्त्यावरून ठरवायचे असते, मनाने नाही. तक्त्याने दाखवलेला तुकडा पाणथळ कोपऱ्यात आला, तिथे भात पिवळे पडले होते. मी चार पावले सरकलो आणि चांगल्या भातात खुंट्या ठोकल्या. उत्पन्न झकास आले. शेजारच्या एका शेतकऱ्याने तो आकडा ऐकून पुढच्या वर्षी आपल्या सगळ्या खाचरांत ते वाण लावले, आणि त्याची खाचरे सगळी पाणथळच होती. त्याने मला कधी बोल लावला नाही. वाटेत भेटला की “साहेब” म्हणून हात जोडायचा, तेच जड जायचे. हे मी घरात आजवर कोणाला सांगितले नव्हते. त्या दिवशी पडवीत पुतणीला सांगितले. ती गप्प बसली आणि उरलेल्या कार्डांवर तारीख घालू लागली.

तीन छर्ऱ्यांचा पुंजका पाचांच्या पुंजक्याहून सरासरीने एक पंचमांश लहानच येतो, बंदूक तीच असली तरी. म्हणून नियम केला. दर कार्डावर पाच, अशी पाच कार्डे, एकही फेकायचे नाही, आणि पाचांची सरासरी. अशी सरासरी धरूनही टेकवून मारलेला पुंजका नऊच राहिला.

मग तिला उभे राहून मारायला सांगितले, कारण दहा मीटरच्या स्पर्धेत उभेच राहावे लागते. पाच कार्डांची सरासरी आली ४१.

इथे मला हुरूप आला. बंदुकीची चूक आणि माणसाची चूक सरळ बेरजेने एकत्र होत नाहीत. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारख्या होतात. खाचराचा कोपरा काढताना आपण दोरीवर तीन, चार आणि पाच हात धरतो तो त्रिकोण. तसाच नऊ, चाळीस आणि एक्केचाळीसचा. कर्ण ४१, बंदुकीची बाजू ९, म्हणजे मुलीची स्वतःची ४०. उद्या देवाने उतरून बिनचूक बंदूक दिली तरी ४१ चे ४० होणार! एका मिलिमीटरसाठी वहिनींच्या पाटल्या? मी हे सारे दादाला कागदावर काढून दाखवले. दादाने कागद घडी घालून खिशात ठेवला. वहिनी आतून म्हणाल्या, “भाऊजी, जेवूनच जा.”

पुतणी मात्र पटवून घेईना. “काका, तुम्ही टेकवून मोजलंत. तेव्हा ट्रिगर जड आहे का हलका, याचा त्रास होत नाही. उभं राहिल्यावर होतो. तो त्रास तुम्ही माझ्या चाळीसात धरलात.”

पोरीचे बोलणे खोडता येईना. रेंजवर परदेशी रायफल तासाने भाड्याने मिळते. पुढच्या रविवारी मीही गाडीने तिच्याबरोबर गेलो. भाड्याच्या रायफलीने, उभ्याने, पाच कार्डे. सरासरी ३३. माझा त्रिकोण चाळीस म्हणत होता. हलका ट्रिगर, डोळ्याशी लावायची भोकाची माशी, अंगाला बेतून घेता येणारा दस्ता, यांचे मोल मी हिशेबात धरलेच नव्हते. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून हसत होती, पण बोलली नाही. काकाचा मान ठेवला.

तरीही तेहतीस म्हणजे काळ्या भागाच्या बाहेर. नवी रायफल आली तरी पुष्कळसे काम तिच्या खांद्यांचे आणि श्वासाचेच उरते. दादाने शेवटी असे ठरवले की यंदा महिन्यातून दोन रविवार भाड्याची रायफल, घरी जुनीच. भाताचे पैसे आले की पुन्हा बसून बोलू. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही, हे ऐकून शेजारची दोन-तीन पोरे बघायला येऊ लागली. त्यांना आधी छर्रे अडवायला मागे लावलेली वाळूची पेटी दाखवतो, आणि पाखरांवर बंदूक धरायची नाही हेही दरडावून सांगतो.

पाटल्या कपाटात परत गेल्या. कार्डे मात्र पुतणीने बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत ओळीने लावून ठेवली आहेत, तारखेसकट, चांगली-वाईट सगळी. परवा गेलो तेव्हा सगळ्यांत वरच्या कार्डावर पेन्सिलीने ३६ लिहिले होते. जुन्या बंदुकीचे. खाली बारीक अक्षरात, “व्हर्निअरने.”