कोलितमाऱ्याचं पाणी

नागपूरहून निघून कामठी आणि कन्हान मागे पडलं की रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची रांग लागते. जानेवारीच्या सकाळी ती काळी धूळ धुक्यात मिसळते आणि गाडीच्या काचेवर चिकटून बसते. या पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत, औष्णिक वीज केंद्रं आहेत, विटांच्या भट्ट्याही आहेत. नितळ पाणी पाहायला निघालेल्या माणसाला हा रस्ता चुकल्यासारखाच वाटतो. पारशिवनी आली की हवा बदलते. तिथे थांबून तर्री-पोहे खायचे, वर कांदा आणि लिंबू मागून घ्यायचं, मगच पुढे जायचं, हा आमच्या घरचा जुना रिवाज. या वेळी सोबत माझी आठवीतली भाची होती. तिने तर्री दोनदा मागितली.

कोलितमारा हे पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्राकडच्या प्रवेशद्वारांपैकी एक. इथे जंगल सफारी होते, बोटिंगही होतं. बहुतेक लोक वाघासाठी येतात. मी पाण्यासाठी जाते. सातपुड्याच्या टेकड्या दोन्ही बाजूंनी थेट पाण्यापर्यंत उतरलेल्या, त्यावर साग, मोह, तेंदू आणि मधूनच पांढऱ्या खोडाचं, उघडं-नागडं एखादं भुताचं झाड. मधून पेंच नदी, खालच्या नवेगाव खैरी धरणामुळे रुंद आणि संथ झालेली.

आमचा नावाडी पन्नाशीचा असेल. लाइफ जॅकेटच्या क्लिपा त्याने स्वतः ओढून तपासल्या आणि बोट काठापासून सुटायच्या आधीच बजावलं, "हात नोका टाकू पाण्यात. मंगर राह्यते इथं." भाचीने तत्काळ हात आत घेतला. मग तो हसून म्हणाला, "पाहायला काही मनाई नाही जी, पाहा ना!"

आम्ही पाहत राहिलो. मोटर बंद केल्यावर बोटीची सावली तळावर पडलेली दिसली, इतकं ते पाणी स्वच्छ होतं. काठाजवळ तळाचे गोटे एकेक मोजता येत होते. एका बुडालेल्या बुंध्याभोवती बोटाएवढ्या माशांचा थवा होता. बोटीची सावली त्यावर गेली की थवा फुटायचा आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा एक व्हायचा. धरण भरलं तेव्हा पाण्याखाली गेलेल्या झाडांचे शेंडे जागोजागी वर आलेले आहेत. लाकूड राखाडी पडलंय, पण उभं आहे. त्यावर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात. भाचीने विचारलं, "हे पक्षी आळस देताहेत का?" नावाड्याने तिला नीट समजावून सांगितलं की पाणकावळा पाण्याखाली पोहत मासा धरतो, त्याचे पंख भिजतात, म्हणून त्याला उन्हात बसावं लागतं.

पाणी इतकं नितळ का, हे समजून घेण्यासारखं आहे. पेंच छिंदवाड्याकडून येते. कोलितमाऱ्याच्या वर, जंगलाच्या आत, तोतलाडोहचं मोठं धरण आहे. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांचा हा संयुक्त प्रकल्प. नदीने आणलेला गाळ त्या मोठ्या जलाशयात खाली बसतो. तिथलं पाणी 160 मेगावॅटच्या जलविद्युत केंद्रातून फिरून खाली येतं आणि नवेगाव खैरीच्या जलाशयात साठतं. म्हणजे आपल्यापर्यंत पोचेस्तोवर ते एकदा निवळलेलं असतं. आणि जलाशयाच्या दोन्ही अंगांना जंगल आहे. 1975 साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं, 1999 मध्ये महाराष्ट्राच्या बाजूचा व्याघ्र प्रकल्प झाला. नांगर नाही, कारखाना नाही, उतारावरची माती मुळांनी धरून ठेवलेली. वाघासाठी राखलेल्या जंगलाने आपल्या पिण्याचं पाणी राखलंय, हे नागपुरात फार कमी लोक बोलतात.

कारण हेच पाणी नागपूरच्या नळाला येतं. नवेगाव खैरीहून ते शहराकडे निघतं, गोरेवाडा आणि गोधनीच्या केंद्रांत शुद्ध होतं आणि आपल्या टाक्या भरतात. 2019 चा जुलै आठवून पाहा. तोतलाडोहचा उपयुक्त साठा संपला होता, मृत साठ्यातून पाणी उचलावं लागलं आणि महापालिकेने एक दिवसाआड पुरवठा सुरू केला. पाऊस लांबला होताच, शिवाय वर मध्य प्रदेशात चौराई धरणामुळे पेंचचं येणारं पाणी घटलं होतं. आमच्या इमारतीत सकाळी पाच वाजता बादल्यांचा आवाज सुरू व्हायचा. जिन्यावरून घागरी नेताना सांडलेलं पाणीसुद्धा कुणीतरी फडक्याने टिपून कुंडीत पिळायचं. भाची तेव्हा लहान होती, तिला फक्त टँकरचा भोंगा आठवतो. तिला मी बोटीतच सांगितलं, की ज्याच्या टंचाईत तो टँकर यायचा ते पाणी हे.

नावाडी ऐकत होता. मग तो बोलू लागला. तो ढीवर, मासेमारांच्या समाजातला. वडिलांसोबत तो याच नदीत जाळं टाकायचा. कोणत्या डोहात कोणता मासा, वारा सुटला की रोहू कुठे सरकतो, हे त्याला पाठ. उद्यान, मग व्याघ्र प्रकल्प असे एकेक टप्पे आले आणि मासेमारी आधी अडली, मग बंदच झाली. हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मध्य प्रदेश सरकारने उद्यानातून उठवलेल्या 305 कुटुंबांना तोतलाडोहात मासेमारीचे परवाने दिले. एका पर्यावरणवादी संस्थेने त्याला आव्हान दिलं. 1997 मध्ये न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत, पण कडक अटी घातल्या. फोटोची ओळखपत्रं, ठरलेल्याच रस्त्याने ये-जा, काठावर चूल पेटवायची नाही. जंगल वाचायला हवं आणि माणसाचं पोटही, या दोन्हींच्या मध्ये उभं राहिलेल्या त्या निकालाबद्दल मला आदर वाटतो. महाराष्ट्राच्या बाजूला मात्र जाळी शेवटी गुंडाळावीच लागली.

"आता बोट चालवतो जी. मासा नाही धरत, दाखवतो." एवढंच तो म्हणाला. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, पण कौतुकाचाही नव्हता. त्याचं ज्ञान आता पर्यटकांच्या तासाभराच्या फेरीत विकलं जातं. ही सोय वाईट नाही. पण ढीवरांच्या पिढ्यांनी या पाण्याबद्दल जे साठवलं, ते नुसतं "तो बघा पाणकावळा" एवढ्यावर संपू नये असं मला फार वाटतं. आमच्या फेरीत त्याने लांबूनच सांगितलं की पुढच्या वळणावर मगर ऊन खात असेल. वळण आलं, आणि खडकावर ती होती. बोट तीस-चाळीस हात दूर असतानाच ती सरकून आत गेली. पाणी इतकं स्वच्छ, की ती खडकाच्या कडेने खोल जाताना शेपटीपर्यंत दिसली.

परतताना दुसऱ्या एका बोटीत मोठ्याने गाणी चालली होती आणि कुणीतरी वेफर्सचं रिकामं पाकीट पाण्यात सोडलं. आमच्या नावाड्याने काही न बोलता बोट वळवली, वल्ह्याने ते पाकीट ओढून घेतलं आणि पायाखाली दाबून ठेवलं. संताप मलाच आला. शहरातून येऊन शहराच्याच पिण्याच्या पाण्यात कचरा टाकणाऱ्याला त्याच संध्याकाळी त्याच्या घरचा नळ दाखवावा असं वाटलं.

काठावर उतरल्यावर भाचीने नावाड्याला विचारलं, "काका, तुमच्याकडे हेच पाणी येतं का?"

"नाही बाई, आमच्याकडे हातपंप. हे तर खाली जाते, तुमच्याकडं."

"मग उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात हातपंप दमते. मंग बायका इथं येते, धुणं घेऊन." तो बोटीतलं साचलेलं पाणी डब्याने उपसू लागला. पुढची फेरी वाट पाहत होती, आठ जणांची. मी भाचीला घेऊन नवेगाव खैरीच्या धरणाकडे निघाले. पाणी नागपूरकडे कुठून वळतं, ती जागा तिला बघायची होती.